सात डिग्री

पेपरात उद्या छापून येईल, सात डिग्री.
मला आजच कळलं, पावणेसहाला,
पहिल्या फोनवरून.

"हेडाऊ शटर का? उघडूनच नाही रायलं."
मी म्हणते, जोर नका लावू.
फोन शटरजवळ धरा अन् एकदा हलवा.
ऐकू द्या मला.

किर्रर्र लांबलं तर ग्रीस थिजलंय,
न्हाणीतल्या खोबरेलासारखं.
जुनं खरवडा, चॅनलमधून डिझेलचा बोळा फिरवा,
मंग मशीनचं तेल, चार थेंब.
गोडं तेल नाही. गोड्या तेलानं मुंग्या येतात
अन् उन्हाळ्यात पुन्हा मलाच फोन.

टक् टक् टक् म्हणजे एखादी पट्टी सरकली.
नुसतं धप्प म्हणजे कुलूप एकाच बाजूचं काढलंय.
माणसं लाजतात. मी हसत नाही.
अन् काहीच आवाज नाही, फक्त धापा,
तर स्प्रिंग गेली.
खाली उभे राहू नका. मी येते.

मनीषनगरातून एक पोरगा,
"ताई, आमचं ऑटोमॅटिक आहे."
असू दे. रिमोटमधला सेल काढ,
काखेत धर दोन मिनिटं.
खाली, पायाशी, काचेचा डोळा असेल,
दवानं भरला असेल, रुमालानं पूस.
"डोळा?"
हो बाबू, डोळा.
त्याला वाटून रायलं, दारात कोणी उभं आहे.

आठला धरमपेठेतून चिंतलवार काका.
या जानेवारीत तिसऱ्यांदा.
फोन धरला त्यांनी.
डावीकडे घासलं, थांबलं.
उजवीकडे काही नाही.

ग्रीस मागच्या मंगळवारी मीच भरलं होतं,
चॅनल त्याआधी मीच ठोकून सरळ केलं.
गोळीबार चौकातून गाडी काढली,
हँडलवर बोटं आपली वाटत नव्हती.
पोह्याच्या ठेल्यावर तर्रीची वाफ,
थांबले नाही.

माकडटोपी, त्यावर मफलर, काका वाकले.
दोन्ही हातांनी डावी मूठ धरली,
उचलली.
शटर तिरपं झालं अन् अडकलं.

शटरला दोन मुठी असतात.
ह्याच्या दोन्ही सारख्याच झिजलेल्या,
सारख्याच चकचकीत.
मी विचारलं, ही कोण धरायचं?

काका चॅनलकडे पाहत राहिले.
"मोजायची ती," म्हणाले.
"तीन म्हटलं की उचलायचो."

मी उजव्या मुठीशी बसले.
लोखंड असं गार की हात चिकटला.
एक म्हटलं.
दोनलाच उचललं त्यांनी.
मी मागून पोचले,
अन् तरी गेलं वर, गडगडत, सरळ,
आत पांढरी मारुती, टपावर गोधडी पांघरलेली.

"दीडशे व्हिजिट चार्ज, काका."
"दीडशे? अन् तू केलं काय?"
खरं होतं ते. पान्हा पिशवीतून निघालाच नव्हता.
शंभरावर तुटलं.

पावतीपुस्तकात एक रकाना आहे, कामाचं स्वरूप.
बॉलपेन थंडीनं उमटेना, तळव्यावर घासलं.
लिहिलं, उजवी मूठ.

मंग विचारलं, दूधवाला किती वाजता येतो?
"साडेसहाला."
तर गाडी साडेसहालाच काढत जा, काका.
त्याला मोजता येतं.

खिशात फोन वाजून रायला होता.