सभेला उपस्थित: एक

पेन्रिनच्या खाडीला ओहोटी लागली
की होड्या चिखलात कुशीवर निजतात.
माळ्यावर किटो, एकोणीस वर्षांचा,
बोटांवर फुंकर मारत
कुणाच्या तरी फाटक्या शिडाला मेणदोऱ्याचे टाके घालतोय.
खाली, किटलीच्या शेजारी,
मॉर्वेनापुढे ताळेबंद पसरलाय.

बँकेत एकसष्ट हजार पौंड.
नुसते पडून.

"तुझे नाहीत ते," पास्को म्हणाला होता,
पास्को, तिच्या सासऱ्याच्या वेळेपासूनचा हिशेबनीस,
"कंपनीचे आहेत. कंपनी ही निराळी व्यक्ती असते.
कायद्याने."

निराळी व्यक्ती!
हिला थंडी वाजत नाही, हिचा गुडघा धरत नाही,
सूप गरम करून ठेवलं तर जेवायला येत नाही.
कंपनी म्हणे.
बुडालीच, तर हिच्या कर्जापायी माझं घर जाणार नाही
एवढं मात्र वचन दिलंय हिनं,
आणि माणसं तेवढंही देत नाहीत.

जोरी असताना पगार दोन.
दोन्ही रेषेच्या अलीकडे, बोटभर,
जिथून कर सुरू होतो त्या रेषेच्या.
उरलेलं लाभांशातून:
एकदा उन्हाळ्यात, एकदा नाताळाआधी,
आणि मग पास्कोच्या नावे एक बाटली.
जोरीला हे सगळं शिवणकामासारखं वाटायचं.
"शिवण ताणायची नाही," म्हणायचा,
"वाऱ्याला थोडं सैल सोडायचं."

मग तो नोव्हेंबर.
पगारपत्रकातली एक ओळ गेली.
शिडं मात्र तितकीच फाटत राहिली,
वादळांना कोण कळवणार?
ती दोघांचं काम करत राहिली, पगार एकाचा घेत राहिली.
म्हणून हे साठलं.
पास्को याला शिल्लक म्हणतो.

जानेवारीत घरचा बॉयलर फुटला.
तिने कंपनीचं कार्ड पुढे केलं, तीन हजार दोनशे.
आता ती ऋणको.
धनको कोण, तर माळ्याखालची ही खोली,
दारावरची पाटी, आणि पाटीवर तिचंच आडनाव.
वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत फेडलं नाही
तर आपल्याच दाराशी थकबाकीदार,
वर त्याचा कर निराळा.

"लाभांश काढ आणि ते मिटव," पास्को म्हणाला.
"थोडं पेन्शनात टाक. तू काही तरुण होत नाहीस.
कॉर्पोरेशन कराचे बाजूला काढ, त्यांना हात लावू नकोस.
आणि सभा घे."
"कोणाशी?"
"स्वतःशी. पण तारीख घाल. कागद लागतो."

तिने शिडाच्या नमुन्याचा जुना कागद उलटा केला.
संचालकांची सभा. स्थळ: कार्यशाळा.
उपस्थित: एक.
पेन थांबलं.
मग तिने लिहिलं, जसं नेहमी लिहायचे
जोरी मासे धरायला गेला आणि सभेला नाही आला तर,
गैरहजेरीबद्दल दिलगिरी: जे. ट्रेथ्यूई.

ठराव: लाभांश नऊ हजार.
ठराव: माळ्यावर हीटर, किटोची बोटं बघवत नाहीत.
ठराव: संचालिकेचा पगार आहे तसाच.
(हे लिहिताना तिला राग आला, कुणाचा ते कळेना.)
उरलेले हातचे राखून,
कारण फेब्रुवारीत कुणी शिडं शिवायला टाकत नाही
आणि किटोला दर शुक्रवारी पैसे लागतात.
सर्व ठराव एकमताने मंजूर.

पास्कोने कागद वाचला.
दिलगिरीच्या ओळीवर त्याची पेन्सिल टेकली,
तिथेच जरा वेळ राहिली,
मग खाली सरकून
त्याने तारखेतलं साल दुरुस्त केलं.

सभा साडेचारला संपली असं लिहिलंय.
भरती पाचनंतर आली.
तोवर ती तिथेच बसली होती, दिवा न लावता,
आणि वरून किटो विचारत होता,
दोरा जाड घेऊ की बारीक.