इशारा पातळी

राजाराम बंधाऱ्याला एकोणचाळीस फूट म्हणजे इशारा,
त्रेचाळीस म्हणजे धोका.
बापट कॅम्पात पोरांना हे पाढ्यांच्या आधी पाठ होतं.

सीपीआरच्या सिस्टरनं मला दुसरं मोजायला शिकवलं.
झोपलेल्या पोराचा सदरा वर करायचा,
घड्याळ समोर धरायचं,
बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते का बघायचं.
पुरतं एक मिनिट.
तिसाच्या वर गेला तर सकाळची वाट बघू नका.

धैर्यशील सात वर्षांचा.
काल रात्री एकेचाळीस.

पाणी उतरून दीड महिना झाला.
मूर्ती माळ्यावर चढवल्या, त्या वाचल्या.
भिंत कुठं चढवणार?
चुना मारला, पंखा लावून ठेवला रात्रंदिवस,
तरी कपाटामागं काळी बुरशी,
फडक्यानं पुसली की जाते
आणि चार दिवसांनी माहेरी आल्यासारखी परत येते.

सासरे सांगतात, आमच्या वेळी पुरावरून वय सांगायचे.
आता पूर इतके, की वयं चुकतात.

पुढं थंडी. फडांना काडी लागेल,
पाचटाची काजळी उडत येईल गावावरनं,
दोरीवरच्या चादरीवर बसेल
आणि त्याच्या छातीत.
डॉक्टरबाई म्हणाल्या, धुरापासून लांब ठेवा.
लांब म्हणजे कुठं, ते चिठ्ठीत नव्हतं.
पूर्वी म्हणे हवापालटाला पन्हाळ्यावर न्यायचे.
आता हवाच पालटली. तिला कुठं नेऊ?

मास्क लावून तो खाटेवर बसला,
कडेनं वाफ ओघळत होती.
"आई, ह्यो धूर चांगला व्हय?"
"धूर न्हाई रं, औषध हाय."
"दिसतोय तर तसाच."
मी मशीनच्या घरघरीकडं बघत राहिले.

आज दुपारी उरलेल्या शाडूचा त्यानं गणपती केला,
कान एक मोठा, एक छोटा,
आणि सोंडेच्या टोकाला खराट्याच्या काडीनं
दोन भोकं.
ह्यांनी विचारलं, "हे काय?"
"श्वास घ्यायला."
तीस वर्षं मूर्ती घडवणाऱ्या माणसानं
भोकं बुजवायला बोट ओलं केलं,
आणि तसंच धोतराला पुसलं.

नदी आज सतरा फुटांवर.
पोरगं सव्वीस.