बारूसला कापूर मागताना

सिबोल्गाहून व्हॅननं अडीच तास.
मागच्या बाकावर बर्फात पुरलेली मासळी,
दोन नन, आणि मी.
डावीकडे समुद्र सोबतीला.
माझ्या घरूनही तो मावळतीलाच दिसतो,
त्यामुळे इतक्या लांब येऊनही
दिशा बदलल्यासारखी वाटेना.

बंदर कुठं, म्हणून विचारलं
तर नुरहाइदानं सुपातले मासे पाखडता पाखडता
हनुवटीनंच दाखवलं:
गाळानं बुजत आलेलं नदीचं मुख,
सहा निळ्या होड्या,
एकीत झोपलेलं कुत्रं.
एवढंच?
एवढंच.
आणि म्हणे इथं तमिळ, अरब, चिनी
एकमेकांच्या तराजूंकडे
डोळे बारीक करून बघत उभे असायचे.

मी तिच्या दुकानात कापूर मागितला.
आमच्या दोघींत तेवढा एकच शब्द सामाईक,
म्हणून जरा ऐटीतच मागितला.
तिनं पानाच्या डब्यातला चुना पुढं केला.
इकडं चुन्यालाही कापूरच म्हणतात.
एवढ्या जुन्या पेठेत येऊन
पहिल्याच व्यवहारात चुना लागला,
तोही फुकट.
दोघी हसलो. ती आधी, मी कळल्यावर.

मग म्हटलं, कापूर बारूस.
हां! म्हणत ती स्टुलावर चढली,
वरच्या फळीवरून धूळ फुंकून
एक पाकीट काढलं.
डांबरगोळ्या.
वर गुलाबाचं चित्र, खाली सुराबायाचा पत्ता.
सगळ्या देशाच्या कपाटांत
या गावाचं नाव कपड्यांच्या घड्यांमध्ये बसलंय,
आणि गावात ते येतं
दुसऱ्या बेटावरून, ट्रकनं.

दुपारी तिचा भाचा मर्झुकी मला टेकडीवर घेऊन गेला.
पायऱ्या मोजायच्या ठरल्या होत्या.
दोनशेनंतर मी मोजणं सोडलं,
चारशेनंतर बोलणं.
वर एकच थडगं, माणसाच्या चौपट लांब.
कुणाचं? येमेनचा होता, म्हणतात.
इतका उंच?
मर्झुकी म्हणाला, नाही, इतकी वर्षं पडून आहे ना,
वाढला असेल.
खाली माडांच्या पलीकडे
पाणी नुसतं चकाकत होतं. एक जहाज नाही.

मारोलोप सिमानुल्लांग मात्र झाड दाखवायला तयार झाला.
त्याच्या घरामागं, ओढा ओलांडून,
मान दुखेपर्यंत वर बघावं असं एक.
आत कापूर आहे का?
त्यानं खोडाला थोपटलं, जसं म्हशीला थोपटावं.
बाहेरून कळत नाही.
पाडून, फोडून बघावं लागतं.
बापानं किती पाडली, आणि किती रिकामी निघाली,
हे त्यानं सांगितलं नाही.
नुसता हात हलवला, माशी वारावी तसा.
मग आतून एक औषधाची बाटली आणली,
तळाशी बोटभर तेल.
एक थेंब माझ्या मनगटावर.

बाबांचं पूजासाहित्याचं दुकान होतं.
भीमसेनी कापराची बरणी गल्ल्याशेजारी,
किल्ली फक्त त्यांच्याकडं.
तरी दर महिन्याला वजन घटायचं.
आम्ही कुणीच घेतलेला नसायचा.
वहीत ते दुसऱ्या शाईनं लिहायचे:
उडाला, अर्धा तोळा.
उडाला, पाव तोळा.
ते गेल्यावर वह्या रद्दीत घालायच्या आधी
मी फक्त तो एक रकाना वाचत बसले होते,
बेरीज न करता.

मारोलोपला यातलं काही सांगता आलं नाही.
शब्द नव्हते. कापूर एवढाच होता,
तो आम्ही दोघांनी दोन-तीनदा म्हटला.

परतताना त्याच व्हॅनमध्ये त्याच नन.
त्यांतली थोरली खुणेनं विचारू लागली,
सारखं काय हुंगतेस?
मी मनगट पुढं केलं.
तिनं डोळे मिटून वास घेतला,
बराच वेळ,
आणि मन राखावं तशी मान डोलावली.
मासळीचाच आला असणार.