सांबार

ऑक्टोबरात आमच्या शाळेला दोन वेळापत्रकं असतात.
एक हेडमिस्ट्रेसच्या टेबलावर, काचेखाली.
दुसरं सिस्टर आरोकियाच्या डोक्यात,
ज्यात सहामाहीचे पेपर कुठेच नसतात;
असतो चर्चच्या आवारातला मेळा,
रोज सहाला ग्रोटोपाशी जपमाळ,
आणि बालवाडीच्या छपराचे अकरा पत्रे.

मी मराठीची बाई. कुंभलकर. एकवीस वर्षं इथे.
मला जपमाळेतलं फक्त आमेन येतं,
तेही अर्धा ठेका उशिरा.
तरी थांबते. दिवसभर टाळू तापवून
ऊन त्या वेळी जरा माणसात येतं,
अजनीच्या क्वार्टरांतून डिक्रूझ आजी येतात
डासांची अगरबत्ती घेऊन,
देवाला एक, पायांपाशी एक.

स्टॉलच्या यादीत मी लिहिलं होतं:
सांबारवडी, मेश्राम मावशी.
सिस्टर तंजावरकडच्या. त्यांनी वाचलं, मान डोलावली,
आणि हिशेबात मांडली तूरडाळ चार किलो,
चिंच, शेवग्याच्या शेंगा, हिंगाची डबी.
दौलत शिपाई कॉटन मार्केटला सायकल मारून
सगळं घेऊन आला.
लिहिलं म्हणजे लिहिलं, असं त्याचं म्हणणं.

मेळ्याच्या सकाळी मावशी उतरल्या रिक्षातून,
कोथिंबिरीच्या बारा जुड्या काखेत.
हे काय?
सांबार.
सांबार तर पातेल्यात आहे!
बाप्पा, मंग पातेल्यात काय टाकलं?
सिस्टरनं झाकण काढून दाखवलं. मावशी वाकल्या, पाहिलं.
याच्यात सांबार कुठं हाय?
होतं. वरून भुरभुरलेलं. चिमूटभर.
दोघी त्या हिरव्या ठिपक्यांकडे बघत राहिल्या
आणि मग सिस्टर अशा हसल्या
की चष्मा वाफेत गेला.

फादर तिर्कींनी वडी सांबारात बुडवून खाल्ली.
त्यानंतर सगळ्यांनीच.
नववी ‘ब’च्या पोट्ट्यांनी दर ठरवला, वडी दहा, बुडवून पंधरा.
दुपारी दोनला पातेलं पालथं.
रात्री बालवाडीच्या इवल्या खुर्च्यांवर
गुडघे हनुवटीला लावून आम्ही चिल्लर मोजली.
सात पत्र्यांपुरती भरली.
चार पत्र्यांचं आभाळ तसंच राहिलं.

मावशींनी जाताना उरलेले धने
चपलेखाली रगडून नळापाशी फेकले होते.
कोणाला सांगितलं नाही.

दोन नोव्हेंबर. दिवाळीची सुट्टी असूनही
तीस-एक मुलं आली दफनभूमीत, रुळांपलीकडे.
आदल्या दिवशी गवत काढलेलं,
दवानं मोजे भिजलेले.
ज्यांची माणसं तिथे आहेत ती आपापल्या दगडांकडे गेली,
उरलेल्यांना सिस्टरनं बेवारस रांगा वाटून दिल्या,
गृहपाठासारख्या.
माझ्याकडे दरवर्षी तोच दगड येतो.
नाव झिजून गेलंय. खाली एवढंच:
प्रभुत विसावला.
‘भु’ ऱ्हस्व. एकवीस वर्षं हात शिवशिवतोय.
लाल पेन पर्समध्ये असतं,
पण कोणी रडत रडत सांगितलं असेल
आणि पाथरवटानं ऐकलं तसं कोरलं असेल.
अशा वेळी कोण विचारतं, भु पहिला की दुसरा?

झेंडू संपला तीन थडगी बाकी असताना.
अँसिल्मा पळत गेली शाळेत,
परतली ते मूठभर हिरवं घेऊन. बोटभर उंच, मुळांना चिखल.
बाई, नळापाशी उगवलंय.
फुलं नाहीत, पण वास आहे ना?

मी एक काडी त्या ऱ्हस्व उकारावर ठेवली.
झाकायला नाही. म्हणजे, थोडं झाकायलाही.

फादर शेवटची प्रार्थना म्हणत होते,
मालगाडी जात होती, तिचे डबे मुलं ओठांत मोजत होती,
आणि दौलत माझ्या कानाशी येऊन कुजबुजला,
बाई, शेवग्याच्या शेंगा अजून दोन किलो पडून हायेत.
काय करायचं त्यांचं?

आमेन, मी म्हणाले.
या वेळी सगळ्यांच्या आधी.