समुद्राची वजावट

पाहुणा ग्राट्सचा. बायको, दोन मुलं.
लिहितो, फोटोत समुद्र होता, खिडकीत नाही.
खरंय त्याचं.
फोटो माझ्या स्टिपेने काढलेला, बेट सोडून गेला त्या उन्हाळ्यात.
तेव्हा शेजारच्या येर्कोचं घर बैठं होतं.
आता तीन मजले, वर पाण्याची टाकी,
टाकीवर वाळत घातलेली बनियनं.

निम्मे पैसे परत हवेत म्हणे.
मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले.
चादरी धुण्याचे इतके, गॅसचे इतके,
अंजिराचा मुरांबा मी आपणहून दिला, तो सोडा.
पण समुद्राचे किती लावले होते?
वेगळे असे कधी लावलेच नव्हते.

ते पोहायला गेले तशी वर गेले,
न्हाणीघरात स्टुलावर चढले, टाचा उंचावल्या.
टाकी आणि भिंतीच्या फटीत
अजून चार बोटं पाणी आहे.
स्प्लिटची संध्याकाळची बोट त्यातून सरकते :
आधी नाक, मग खिडक्या, मग बराच वेळ
नुसता धूर.

चार बोटांचे कापून
बाकीचे पाठवले त्याला.
माफ करा, लिहिलं.

स्टूल तिथेच राहू दिलंय.
पुढच्या पाहुण्यांसाठी, असं सांगते
कुणी विचारलं तर.