मधली पानं

शुक्रवारच्या बाजारात, म्हापशाला,
सुक्या बांगड्यांच्या शेजारी
एस्पेरान्सबाईनं वजनावर दिला:
अमेरिकन चित्रकलेचा इतिहास, सव्वादोन किलो.
कुणी पाहुणा खोलीवर सोडून गेलेला.

दमट हवेनं मधली पानं चिकटलीत.
म्हणजे माझ्या अमेरिकेत
नदीकाठची सोनेरी झाडं संपतात
आणि लगेच
कुणीतरी जमिनीवर कापड पसरून
रंग शिंपडायला लागतो.
मधली साठ वर्षं एकच जाड पान.

चहाच्या वाफेवर धरलं. एक कोपरा सुटला:
रात्रीची खिडकी, पिवळा दिवा,
कुणाचं तरी कोपर.

पुढं ओढलं नाही, फाटलं असतं.
पाट्या रंगवतो मी. वेर्णेकरांच्या फार्मसीचा
हिरवा वाळेपर्यंत
पुठ्ठ्यावर त्या कोपराचा माणूस काढतोय.
चेहरा अजून नाही.
ताटात बांगडा मात्र ठेवलाय.