ग्रस्तास्त

लक्ष्मीपूजन काल झालं, पाडवा उद्या.
मधला हा मंगळवार कुणाचाच नव्हता.
आईनं हंड्यात, लोणच्याच्या बरणीत,
करंज्यांच्या डब्यावरसुद्धा तुळशीचं पान ठेवलं.
म्हणाली, पंचांगात ग्रस्तास्त लिवलंय.
धरलेलाच मावळायचा.
सुटताना दिसायचा न्हाई.

उद्यमनगरात जाऊन मी शटर अर्धंच उचललं,
वाकून आत शिरलो.
बोर्डावर अजून दोघांची नावं,
पण यंदा पूजा दोन झाल्या:
एक लेथपाशी, एक भट्टीच्या अंगाला,
मध्ये खडूची रेघ.
दोन्हीकडचे हार एकाच माळणीकडचे.
कपाटात तात्यांची चौदा नंबरची काच होती,
पत्र्याच्या चौकटीतली.
वाटणीची यादी चार पानं झाली,
तिच्यात ही कुणालाच आठवली नव्हती.

रंकाळ्यावर भेळवाले गाड्या झाकून बसलेले.
कठड्याला माणसं, पोरं, एक सायकलवाला पाववाला.
एक म्हातारा स्वतःच्या खुब्याचा एक्स-रे
सूर्यासमोर धरून डोळे बारीक करत होता.
म्हटलं, आजोबा, त्यानं नका बघू, हे घ्या.
मग काच माझी राहिली नाही,
हातोहात पार संध्यामठाच्या रोखानं गेली
आणि बोटांचे ठसे घेऊन परत आली.

काचेतून सूर्य हिरवा दिसतो,
सांगितलं तर पटत नाही कुणाला.
हिरवा, बारका, कच्च्या लिंबासारखा,
आणि उजव्या अंगाला
कुणी अर्धगोल कानस मारल्यागत.
बस, एवढंच. अंधार पडला नाही,
बगळे उडाले नाहीत.
पाण्यावरचा उजेड थोडा पातळ झाला,
ताकात पाणी जास्त झाल्यासारखा.

वीस पावलांवर दादा उभा होता.
मी आधीच पाहिलं होतं. त्यानंही.
समृद्धी पळत आली, काका, पप्पांना पायजे.
त्यानं मागितली नसणार, मला ठाऊक आहे,
आठ वर्षांची आहे, पण अक्कल आजीची.
दादानं काच लावली.
भट्टीतला माल बघावा तसा, मान तिरकी करून,
बराच वेळ.
मग कुणालाच उद्देशून नाही, तळ्याला म्हणाला,
ब्लो होल हाय. रिजेक्ट.
मला हसू फुटलं
आणि फुटल्यावर आठवलं की आपण बोलत नाही.

समृद्धी सात वेळा गेली-आली.
हळूहळू सूर्य झाडांच्या शेंड्यावर टेकला.
पंधरा दिवसांनी हाच मावळता उजेड
महाद्वारातून आत जाईल,
अंबाबाईच्या पायांपासून वर चढत,
मधल्या इमारतींनी वाट दिली तर.
आज तो कुठंच निघाला नव्हता.
घास काढलेल्या भाकरीसारखा
नुसता खाली खाली.

तेवढ्यात हाक आली, दे दान सुटे गिराण.
कडेवर पोर घेतलेली एक बाई.
दादा खिसे चाचपत राहिला,
हल्ली त्याच्याकडं सुट्टे नसतात, सगळं फोनवर.
मी वीसची नोट दिली.
तिनं आमच्या दोघांच्या नाकांकडं पाहिलं,
दोघांचं का?
मी काही म्हणायच्या आत
दादा म्हणाला, व्हय, दोघांचं.

आणि सूर्य गेला. तसाच.
लोक पँटी झाडत उठले,
भेळवाल्यानं पोतं उचललं, कुणीतरी शिट्टी मारली.
समृद्धी मोटरसायकलवर पुढं बसली,
तिनं हात केला, दादानं किक मारली.

साडेसहापर्यंत मी कठड्यावर बसून राहिलो.
पंचांगातली सुटायची वेळ तीच.
पश्चिमेला बघण्यासारखं काही नव्हतं,
एक तांबूस पट्टा, मग तोही नाही.
सुटला असेल. त्याचा त्याला माहीत.

घरी आल्यावर आंघोळ केली,
आईनं विचारलं, काच कुठाय?
तेव्हा कळलं, दादाकडंच राहिली.
परवा गेटच्या तीन जाळ्या जोडायच्या आहेत,
गिऱ्हाईक गडहिंग्लजचं, थांबणार नाही.
आणायला कुणीतरी जायला पाहिजे.
आई म्हणाली, उद्या पाडवा हाय.
एवढंच म्हणाली,
आणि डब्यावरचं तुळशीचं पान काढून
कुंडीत टाकलं.